दंडावरचा वण आणि कोंबडीचे रक्त

देवीच्या साथी ज्यांनी पाहिल्या ती पिढी आता विरळ होत चालली आहे. परंतु त्या पिढीला माणसाच्या अंगावरचे दोन वण वेगवेगळे वाचता येत असत. चेहऱ्यावर खोल वण दिसले की या माणसाला देवी येऊन गेल्या, हे कोणी सांगावे लागत नसे. दंडावर एकच वाटोळा वण दिसला की याला देवी काढलेल्या आहेत, हेही तितक्याच सहजतेने समजे. दोघांच्याही अंगी रोगाचा प्रतिकार करण्याची शक्ती सारखीच; पण ती एकाला रोगाने दिलेली, दुसऱ्याला लशीने. गावोगाव फिरणाऱ्या आरोग्य निरीक्षकाला प्रयोगशाळा लागत नसे, बाही वर करावयास सांगितले की काम भागे. १९७७ साली भारत देवीमुक्त जाहीर झाला, त्या यशात या साध्या खुणेचाही वाटा होता, हे आपण बहुधा विसरतो.

कोंबडीच्या अंगावर असा वण उठत नाही. तिला लस टोचली काय किंवा रोग होऊन ती बरी झाली काय, बाहेरून ती सारखीच दिसते आणि नेहमीच्या तपासणीत तिचे रक्तही सारखेच बोलते. बर्ड फ्लूच्या बाबतीत नेमकी हीच अडचण येत्या काही वर्षांत सरकारपुढे, कुक्कुटपालकांपुढे आणि अंडी खाणाऱ्या आपणा सर्वांपुढे उभी राहणार आहे. ती तज्ज्ञांच्या चर्चेपुरती मर्यादित नाही, असे आमचे मत असल्यामुळेच आज या जागी तिचा परामर्श घेत आहोत.

प्रथम घडले काय ते पाहू. भोपाळ येथील राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने 'एच९एन२' या सौम्य प्रकारच्या बर्ड फ्लूवर मृत विषाणूंची लस तयार केली आणि २०२२ साली तिचे तंत्र चार कंपन्यांकडे सोपविण्यात आले. त्यांत पुण्याची व्यंकटेश्वरा हॅचरीजही आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय पशुसंवर्धन विभागाने कुक्कुट उद्योगातील मंडळींबरोबर जी बैठक घेतली, तीत या लशीच्या वापराला मुभा असल्याचे स्पष्ट झाले. लशीचा उपयोग कितपत होतो याची देशव्यापी पाहणी करावयाची आणि पुढील धोरण शास्त्रीय निकषांवर ठरवावयाचे, असेही त्या वेळी सांगण्यात आले. 'एच५एन१' या घातक प्रकारावर मात्र आपल्या देशाचे धोरण आजवर एकच राहिले आहे : रोग आढळला की त्या जागेभोवतालच्या एक किलोमीटरच्या टापूतील पक्षी नष्ट करावयाचे आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवावयाची. परंतु सौम्य प्रकारासाठी दार उघडले की घातक प्रकाराच्या लशीची मागणी त्याच दारातून आत येणार, हे समजण्यास फार मोठ्या दूरदृष्टीची गरज नाही.

पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे आणि चाकण या कारखानदारीच्या पट्ट्याचा कोंबड्यांशी काय संबंध, असे कोणी विचारील. ज्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि पुढे ज्या भूमीवर स्कूटरी, मोटारी व त्यांचे सुटे भाग यांचे साम्राज्य पसरले, तेथील लक्षावधी कामगारांचे पोट कोण भरतो, हे एकदा संध्याकाळी पाळी सुटण्याच्या वेळी चाकण चौकात उभे राहून पाहावे. परप्रांतातून आलेला, एका खोलीत चौघे मिळून राहणारा तरुण कामगार रात्री गाडीवरची भुर्जी आणि पाव खातो. डाळ महागली तर तो अंड्यावर येतो, अंडे महागले तर चहापावावर. त्याच्या दृष्टीने बर्ड फ्लू म्हणजे वर्तमानपत्रातील बातमी नव्हे, ताटातील प्रथिनांचा प्रश्न आहे. शिवाय खेड, मावळ, मुळशी या आसपासच्या तालुक्यांत, कारखान्यांसाठी जमीन गेल्यानंतर उरलेल्या गुंठ्यांवर पोल्ट्रीची शेड बांधून कर्जाचे हप्ते फेडणारी कुटुंबे आहेत. पक्ष्यांच्या रोगांचे निदान करणारी पश्चिम विभागीय प्रयोगशाळा औंध येथे आहे, माणसांतील विषाणू ओळखणारी राष्ट्रीय विषाणू संस्था पुण्यात आहे, देशाला अंड्यांचे भाव सांगणाऱ्या समन्वय समितीचे बिऱ्हाडही पुण्यातच. तेव्हा हा विषय आमच्या घरचाच आहे.

महाराष्ट्राची या रोगाशी ओळख जुनी आहे आणि कटू आहे. भारतात घातक बर्ड फ्लू प्रथम आढळला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे. कोंबड्या मरू लागल्या तेव्हा हा राणीखेत आहे, असेच सुरुवातीला सांगितले जात होते. राणीखेतला आपल्याकडे खेड्यापाड्यांत 'मानमोडी' म्हणतात, आणि १९१८ साली माणसांत जो इन्फ्लुएन्झा आला त्यालाही आपल्या आजी-आजोबांनी 'मानमोडी' हेच नाव दिले होते; माणसाचा फ्लू आणि कोंबडीची मर यांना एकाच शब्दात बांधणाऱ्या मराठी भाषेने प्रयोगशाळेच्या पुष्कळ आधी काही जाणले होते की काय, असे वाटून जाते. ते असो. भोपाळच्या प्रयोगशाळेने निर्वाळा दिला, लाखो पक्षी नष्ट करण्यात आले, आणि ज्यांच्या कोंबड्या ठणठणीत होत्या त्यांचाही माल मुंबई-पुण्याच्या बाजारात कोणी विचारीना. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्या मेल्या. पाठोपाठ नवापूरला पुन्हा तोच प्रसंग आला. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या या रोगाने दगावले. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडले. माणसेही सुटलेली नाहीत. २०२१ साली दिल्लीत एका अकरा वर्षांच्या मुलाचा आणि २०२५ साली आंध्र प्रदेशात दोन वर्षांच्या एका मुलीचा 'एच५एन१'ने बळी घेतला. सौम्य म्हटल्या जाणाऱ्या 'एच९एन२'चा माणसातील देशातला पहिला संसर्ग २०१९ साली आढळला तोही आपल्याच मेळघाटात, सतरा महिन्यांच्या एका बालकात.

अशा स्थितीत 'मारा आणि पुरा' एवढ्याच धोरणावर किती काळ विसंबून राहावयाचे, हा प्रश्न कुक्कुटपालक विचारतात तो गैर नाही. २०२१ साली अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबडीमागे ९० रुपये आणि मांसासाठी वाढविलेल्या मोठ्या कोंबडीमागे ७० रुपये असा भरपाईचा दर होता. अंड्यावर आलेली कोंबडी पुढे वर्षभर जे उत्पन्न देते ते या हिशेबात कोठेच येत नाही. ज्याला भरपाई अपुरी मिळते तो मरतूक लपवितो; मेलेल्या कोंबड्या रात्री ओढ्यात टाकतो आणि उरलेल्या सकाळी विकतो. ही नीती वाईट आहे असे म्हणणे सोपे आहे. ती ज्या हिशेबातून जन्मते तो हिशेब बदलणे अवघड आहे. लस हा हिशेब बदलू शकते, हे आम्हांस मान्य आहे. चीनने २००४ पासून कोंबड्यांना 'एच५'ची लस टोचण्यास आरंभ केला आणि २०१७ साली 'एच७'चीही जोड दिली. त्यानंतर 'एच७एन९'ने माणसे आजारी पडण्याचे प्रमाण झपाट्याने खाली आले.

मग अडचण कोठे आहे? अडचण ही की लस घेतलेली कोंबडी बहुधा मरत नाही, परंतु तिला संसर्ग होऊ शकतो आणि ती विषाणू बाहेर टाकू शकते. कमी प्रमाणात, पण टाकू शकते. आजवर आपल्याला रोगाची वर्दी कोण देत होते? मरणाऱ्या कोंबड्याच देत होत्या. त्यांचे मरण थांबले आणि संसर्ग मात्र थांबला नाही, तर शेडमध्ये शांतता आणि विषाणू एकत्र नांदू लागतात. अशा वेळी रक्त तपासावे तर लशीमुळे उत्पन्न झालेली प्रतिपिंडे आणि रोगामुळे उत्पन्न झालेली प्रतिपिंडे यांची सरमिसळ होते. दोन विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका शब्दशः सारख्या आल्या, तर कोणी अभ्यास केला आणि कोणी नक्कल केली हे केवळ उत्तराकडे पाहून परीक्षकाला ठरविता येत नाही. तशातलाच हा प्रकार.

कोविडच्या काळातील एक गोष्ट आठवली तर हा भेद आमच्या वाचकांना चटकन उमगेल. पुण्यातच तयार झालेली कोविशिल्ड ही लस विषाणूच्या बाहेरच्या काट्यांपुरतीच ओळख शरीराला करून देत होती. त्यामुळे एखाद्याच्या रक्तात विषाणूच्या आतील गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडे सापडली, तर याला लशीखेरीज प्रत्यक्ष रोगही होऊन गेला, असे अनुमान करता येत असे. कोव्हॅक्सिनमध्ये मात्र संपूर्ण मृत विषाणू होता. त्यामुळे ती घेतलेल्याच्या रक्तात काट्यांविरुद्धची आणि गाभ्याविरुद्धची अशी दोन्ही प्रतिपिंडे येत आणि हे अनुमान तेथे लंगडे पडे. दोन्ही लशी उपयोगी होत्या. पण एकीने आपली खूण मागे ठेवली, दुसरीने ती पुसली. चाकणच्या कोणत्याही कारखान्यात सुट्या भागावर बॅचचा आकडा ठोकल्याशिवाय तो पुढे जात नाही, कारण उद्या दोष निघाला तर तो कोठून आला हे कळले पाहिजे. लशीवरही असा शिक्का हवा, हाच या शास्त्राचा गाभा आहे. १९८० च्या दशकात हॉलंडमध्ये डुकरांच्या एका रोगावर अशी शिक्क्याची लस प्रथम रूढ झाली. विषाणूचे एक प्रथिन लशीतून मुद्दाम गाळलेले असे. ज्या जनावराच्या रक्तात त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे सापडत, ते रोगाच्या वाटेला गेलेले आहे हे ठरे.

इन्फ्लुएन्झाच्या विषाणूच्या नावातच दोन अक्षरे आहेत. 'एच' हे एक बाह्य प्रथिन आणि 'एन' हे दुसरे. रक्षण मुख्यतः 'एच'मुळे मिळते. इटलीने या गोष्टीचा उपयोग मोठ्या कल्पकतेने केला. तेथे १९९९-२००० साली 'एच७एन१'च्या साथीने चारशेहून अधिक पोल्ट्री फार्म आणि एक कोटी तीस लाखांवर पक्षी बळी घेतले. त्यानंतर पादुआजवळील प्रयोगशाळेतील इलारिया कापुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एच७एन३' या विषाणूची लस वापरली. 'एच' तोच, म्हणून रक्षण मिळाले. 'एन' वेगळा, म्हणून खूण राहिली. ज्या पक्ष्याच्या रक्तात 'एन१'विरुद्धची प्रतिपिंडे आढळली, त्याला प्रत्यक्ष रोगाने गाठले. या भरवशावर युरोपीय आयोगाने २००१ साली लस घेतलेल्या पक्ष्यांच्या मांसाच्या व्यापारावरील बंदी उठविली. परंतु २००२ च्या शरदात निसर्गाने एक डाव टाकला. नवा विषाणू आला तो 'एच७एन३'! म्हणजे शत्रूने लशीचाच गणवेश चढविला आणि सारी ओळख व्यर्थ झाली. इटलीला लस बदलून 'एन१'ची आणावी लागली.

हा प्रसंग आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगितला, कारण भारतात ही युक्ती जशीच्या तशी उचलावी असे सुचविणारे आज ना उद्या पुढे येतील. आपल्याकडे 'एच५' एकाच 'एन'ची सोबत धरून येत नाही. २०१६ साली दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात आणि केरळात 'एच५एन८' आला. २०२१ च्या साथीत 'एच५एन१' आणि 'एच५एन८' दोन्ही होते. तेव्हा 'एन' पाहून रोगी ओळखावयाचा असेल, तर कोणकोणता 'एन' फिरत आहे याची आधी सतत माहिती हवी. दुसरा मार्ग म्हणजे ज्या लशीत केवळ 'एच' आहे आणि आतला गाभा नाही अशी लस वापरून, गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडे हीच रोगाची खूण मानणे. कोविशिल्डचे जे उदाहरण वर दिले त्याचाच हा भाऊबंद. हा मार्ग सर्वांत सरळ आहे आणि त्याच्या चाचण्या बाजारात तयार मिळतात. परंतु येथेच सरकारने एक गोष्ट नीट विचारात घेतली पाहिजे.

इन्फ्लुएन्झा 'ए' या कुळातील सर्व विषाणूंचा गाभा जवळजवळ एकच असतो. आज ज्या 'एच९एन२' लशीला मुभा मिळाली ती संपूर्ण मृत विषाणूची आहे. म्हणजे तिच्यात गाभाही आहे. ती टोचलेल्या प्रत्येक कोंबडीच्या रक्तात गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडे येणार. उद्या त्याच कोंबडीला 'एच५'ची उत्तमोत्तम, शिक्क्याची लस दिली, तरी गाभ्याची चाचणी निरुपयोगीच ठरणार, कारण शिक्का कालच पुसलेला असणार! शिवाय 'एच९एन२' हा रोग आपल्या पोल्ट्रीत मुरलेला असल्यामुळे लस न घेतलेल्या कोंबड्यांतही ही प्रतिपिंडे सापडतातच. अशा स्थितीत तर्काने एकच वाट मोकळी राहते असे आम्हांस दिसते. पुढे 'एच५'ची लस आणावयाची झाल्यास ती केवळ 'एच' असलेली असावी, संपूर्ण 'एच५एन१'ची नसावी. आणि रोगाची खूण म्हणून 'एन१' व 'एन८' यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे तपासावीत. 'एच९एन२'च्या लशीतून 'एन२'ची प्रतिपिंडे येतात, 'एन१'ची येत नाहीत; त्यामुळे ही खूण अजून शाबूत आहे. संपूर्ण विषाणूची स्वस्त 'एच५एन१' लस घाईने बाजारात आली, तर तीही जाईल. आधी लस आणि मग चाचणी असा क्रम लावणे म्हणजे घोड्यापुढे गाडी जोडणे होय.

केवळ रक्तावरही विसंबून चालणार नाही. हाँगकाँगमध्ये १९९७ साली अठरा माणसांना 'एच५एन१'ची बाधा झाली आणि सहा दगावली. पुढे २००३ पासून तेथे कोंबड्यांना लस देण्यात येऊ लागली तेव्हा प्रत्येक कळपात काही कोंबड्या मुद्दाम लशीवाचून ठेवण्यात येत. या पहारेकरी कोंबड्या. विषाणू आत शिरला तर आधी त्या आजारी पडणार. उपाय साधा व स्वस्त आहे. पण पायात कडे घातलेली पहारेकरी कोंबडी मेली की मालकाने गुपचूप दुसरी आणून तिच्या पायात तेच कडे घालावे, एवढी सोय त्यातही आहेच. म्हणून मेलेल्या पक्ष्यांच्या घशातील नमुने घेऊन विषाणूचाच थेट शोध घेणारी पीसीआर चाचणी त्याच्या जोडीला हवी. कोविडने हा शब्द घरोघर पोहोचविला आहे. मृत विषाणूची किंवा केवळ 'एच'ची लस दिलेली असली, तरी त्यामुळे ही चाचणी फसत नाही. घशात विषाणूचा अंश असेल तरच ती होकार देते. नमुने किती घ्यावयाचे, याचाही हिशेब ठरलेला आहे. कळपात शंभरांत पाच कोंबड्या बाधित असतील आणि त्यांतील एक तरी सापडण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर सुमारे ६० पक्षी तपासावे लागतात. दहा हजारांची शेड असो वा पन्नास हजारांची, हा आकडा फारसा बदलत नाही. सहा तपासून साठांचा दाखला देण्याची जी आपली सरकारी सवय आहे, तिला मात्र येथे थारा नको.

फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना सक्तीने लस देण्यास आरंभ केला. आदल्या हंगामात सुमारे चारशे ठिकाणी रोग फुटला होता, तो पुढील हंगामात दहा ठिकाणांवर आला. हे केवळ सुईचे यश नव्हे. लस दिलेल्या कळपांतील मेलेले पक्षी नियमित तपासले जात आणि जिवंत पक्ष्यांचेही नमुने ठरल्या वेळी घेतले जात. इतके करूनही अमेरिकेने त्या वर्षी युरोपच्या कुक्कुट आयातीवर निर्बंध घातले, हेही विसरता येणार नाही. भारताने २०२३ साली आपली काही कुक्कुट संकुले रोगमुक्त असल्याचे जागतिक पशुआरोग्य संघटनेस कळविले, त्यांत महाराष्ट्रातील संकुलेही आहेत. त्या दाव्याची किंमत लशीनंतर टिकावयाची तर ती कागदोपत्री पुराव्यानेच टिकेल. उलट उदाहरण इजिप्तचे. तेथे २००६ पासून लस सर्वत्र टोचली गेली, पण पाळत ढिली राहिली. रोग गेला नाही, घर करून बसला.

आपल्याला हे काम अगदीच नवे आहे असेही नाही. लाळ्या-खुरकुताची लस गायीबैलांना देताना विषाणूची काही प्रथिने गाळलेली लस वापरावयाची आणि त्या प्रथिनांविरुद्धच्या प्रतिपिंडांवरून रोगी जनावर ओळखावयाचे, ही पद्धत आपल्या कृषी संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी केव्हाच बसविली आहे. २०१९ पासून चाललेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाचा तो एक आधार आहे. चाकणच्या बाजारात उभ्या असलेल्या बैलाच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो. कोंबडीच्या कानात बिल्ला घालता येत नाही, पण शेडला क्रमांक देता येतो. कोणत्या शेडमध्ये कोणत्या दिवशी कोणती लस, कोणत्या बॅचची, किती पक्ष्यांना दिली आणि किती पहारेकरी ठेवले, याची वही ठेवता येते. पोल्ट्री फार्मांची नोंदणी सक्तीची करण्याचे केंद्राने २०२५ मध्ये योजिले, ते स्वागतार्ह आहे. नोंदणीबरोबर ही वही आली नाही तर ते निव्वळ कागद वाढविणे होईल.

राज्य सरकारकडे आमचे मागणे यापेक्षा फार नाही. 'एच९एन२'ची लस पुणे जिल्ह्यात जेथे जेथे दिली जाईल तेथील नमुने औंधच्या प्रयोगशाळेत जावेत, आणि 'एन'निहाय प्रतिपिंडे तपासण्याची तेथे सोय व्हावी. निकाल तालुकावार, मालकाचे नाव न छापता, दर महिन्यास प्रसिद्ध व्हावेत. गुप्ततेने बाजार सावरतो हा समज नवापूरने २००६ सालीच खोटा पाडला आहे. साठ नमुन्यांचा खर्च मालकाच्या माथी मारू नये, कारण ज्या तपासणीसाठी पदरचे पैसे मोजून स्वतःच्या कोंबड्यांना फाशी मिळण्याची शक्यता असते, ती तपासणी शहाणा माणूस करून घेत नाही. आणि मावळात किंवा खेडच्या पश्चिम भागात दारातल्या खुराड्यात दहा गावरान कोंबड्या पाळणाऱ्या बाईपर्यंत लसही पोहोचणार नाही आणि वहीही पोहोचणार नाही. तिच्या कोंबड्या मेल्या तर त्याची वर्दी घेणारा पशुधन पर्यवेक्षक तरी गावात येतो की नाही, आणि आला तर भरपाईचा अर्ज बरोबर आणतो की नाही, हे जिल्हा परिषदेने पहिल्या नमुन्याच्या आधी पाहावे.